हातांची शाळा

अंजली पगारेला कुणी विचारलं, "तुम्ही शाळा काढलीत म्हणे?" तर आता ती "हो, आहे एक" एवढंच म्हणते आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या एका प्रश्नावर ती समोरच्याचा चहा गार होईपर्यंत त्याला सोडायची नाही. शाळा सरकारी असून वेगळी कशी, फी नसून चांगली कशी, पोरं पुस्तक उघडण्याआधी वस्तू उघडून बघतात ती कशी, सगळं साग्रसंगीत. ऐकणाऱ्याचे कान किटायचे. ती बोलायची का थांबली त्याची ही हकिकत आहे. गोड शेवटाची सवय असेल त्यानं इथंच उठलेलं बरं.

सुरुवात तिच्या वडिलांपासून करावी लागेल, इलाज नाही. सहादू पगारे नाशिक महापालिकेत झाडूवाले होते. भाजीबाजार आणि गोदाघाट त्यांच्याकडे. पण पोरीला हे कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. तिला सांगितलेलं की आप्पा हापिसात आहेत, आणि आप्पा दिसायचेही तसेच. घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, तो हजेरी शेडमध्ये खुंटीला टांगायचे, काम उरकलं की तिथल्याच नळावर अंग घासून आंघोळ करायची आणि तोच शर्ट चढवून सातपूरच्या कॉलनीत परत. अंगाला कसला म्हणून वास नाही, फक्त साबणाचा. पोरगी मैत्रिणींना सांगायची, माझे आप्पा साहेब आहेत.

मग चौथीत तिच्या वर्गाची सहल घाटावर गेली. पायऱ्या उतरताना समोर आप्पा, हातात लांब दांड्याचा झाडू, पुढ्यात निर्माल्याचा ढीग. दोघांची नजरानजर झाली. आप्पांनी ओळख दाखवली नाही, मान खाली घालून झाडत राहिले. तिनंही दाखवली नाही, मैत्रिणीचा हात धरून पुढे गेली. त्या दिवशी घरी दोघांनी एका ताटात जेवून घेतलं आणि तो विषय आजतागायत काढलेला नाही.

आता महापालिकेची एक रीत आहे. झाडूवाला निवृत्त झाला की त्याच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी. झाडूवाल्यांची घरंच्या घरं या एका गोष्टीकडे डोळे लावून बसलेली असतात. अंजली डी.एड. होऊन घरी बसली होती, नोकरीचा पत्ता नव्हता. पाहुणेरावळे सहादूंच्या मागे लागले, पोरीचं नाव लाव, पक्की नोकरी आहे, पुढेमागे हापिसातलं काम मिळतंच की. आप्पा म्हणाले, "वारसा माझ्यापाशी संपला. मी झाडू ठेवीन तो आमच्या घरात कुणी उचलायचा नाही." अख्ख्या भावकीनं त्यांना येड्यात काढलं. आई नव्हतीच अंजलीला, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी नव्हतं. बापलेकीनं हट्टानं दिवस काढले.

तिला नोकरी लागली ती गंगापूर रोडवरच्या एका बड्या शाळेत. बागाईतदारांची, डॉक्टरांची, बिल्डरांची मुलं. तिथं पोरं पाठांतर करत नसत, 'करून शिकत'. विटा थापायच्या, कप्पी जोडून ओझं उचलायचं, वाफ्यात मेथी पेरायची. मेथीला पाणी मात्र माळी घालायचा आणि विटांचा चिखल मावशी पुसायच्या. हसू यायचं तिला. पण खोटं कशाला बोला, पोरं शिकत होती. स्वतः कप्पी जोडलेलं पोर कप्पी जन्मात विसरत नाही, हे ती डोळ्यांनी बघत होती आणि तिचा जीव जळत होता. ही मजा फक्त ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांनीच का करायची? आपल्या पोरांच्या नशिबी कायम घोकंपट्टीच का? हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

दिंडोरीच्या अलीकडे जांबुळटेक नावाचं गाव आहे. चहूबाजूंनी द्राक्षाच्या बागा, वरच्या अंगाला बागाईतदारांची स्लॅबची घरं, खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. मध्ये पोरांअभावी बंद पडायला आलेली सरकारी शाळा. ती चालवायला घ्यायची संधी आली. शाळा सरकारचीच राहणार, फी घ्यायची नाही, पण शिकवायची पद्धत आपली. तीन वर्षांनी पाहणी होणार आणि पट टिकला तर करार पुढे. अंजलीनं चार मैत्रिणी गोळा करून संस्था नोंदवली, गंगापूर रोडच्या नोकरीवर पाणी सोडलं आणि जांबुळटेकला आली.

पहिली फेरी तिनं मारली वस्तीवर. तिला हवी होती तीच पोरं. पहिल्याच दारात भेटली सिंधूबाई. बागांतून छाटणी-विरळणीला जाणारी, नवरा नसलेली, एका लेकीवर जीव टाकणारी. लेकीचं नाव आरोही. सिंधूबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आमी दिवसभर हातानंच मरतो. पोरीनं परत हातानंच करायचं तं साळंत कशाला धाडू? बागंतच नेते की."

प्रश्न कसा रोखठोक होता बघा. पण अंजलीपाशी उत्तर तयार होतं. बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती ती तेव्हा. "सिंधूताई, तुमचे हात दुसऱ्याच्या हुकमावर चालतात. आरोहीचे तिच्या स्वतःच्या डोक्यावर चालतील."

सिंधूबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "तुमी आपल्यातल्या हाये म्हनून देते. दुसरं कोनी आसतं तं दारात उभं केलं नसतं." तिच्या मागोमाग वस्तीनं पोरं दिली. वरच्या अंगाच्याही काही जणांनी दिली, फी नाही म्हणून.

पहिली दोन वर्षं कशी गेली म्हणता! पोरांनी फवारणीचा मोडका पंप उघडून पुन्हा जोडला. द्राक्षाच्या घडांची वजनं करून सरासरी शिकली. शाळेत मुलींना हातपाय धुवायला जागा नव्हती, तर पोरांनीच मागच्या बाजूला न्हाणी बांधली. आरोहीनं टेप लावून किती विटा लागतील ते काढलं आणि गवंड्याचा अंदाज तिच्यापुढे फसला. गिलावा ओला होता तेव्हा सगळ्यांनी भिंतीवर पंजे उमटवले. सिंधूबाई बागेतून येता-जाता डोकावायची, भिंतीवरचा लेकीचा पंजा बघायची, "जयभीम ताई" म्हणायची आणि पुढे जायची. अंजलीला वाटायचं, झालं, जिंकलो. पाहणीला थोडेच महिने राहिले होते आणि ही पोरं या शाळेत आहेत तोवर तिला कशाची भीती नव्हती. शाळा त्यांच्यासाठीच तर होती.

मग तिनं सांडपाण्याचा प्रकल्प काढला.

गावचं गटार वरच्या अंगाहून यायचं आणि वस्तीच्या तोंडाशी तुंबायचं. पोरांनी त्याचा माग काढायचा, पाणी मोजायचं, नकाशा करायचा, गटार मोकळं करायचं आणि न्हाणीपाशी शोषखड्डा खणून तिथलं पाणी जमिनीत जिरवायचं. प्रकल्प झकास होता, त्यात काही वाद नाही. आणि अंजलीचा एक नियम होता, कामं पोरांनी आपली आपण निवडायची, मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. निवडीतून पोर घडतं, असं ती गंगापूर रोडवर शिकली होती.

पोरांनी निवडली कामं. महेश, सरपंचांच्या घरचा, त्यानं नकाशाचा फळा घेतला. आरोहीनं टेप घेतला, तो तिचाच होता म्हणा ना. स्नेहल नावाची बागाईतदाराची मुलगी होती, ती फावड्याच्या गटात आली. गटाराच्या काठावर उभी राहून ती रडवेली होऊन म्हणाली, "आई म्हणली, घाणीत हात नाही घालायचा." आरोहीनं तिच्याकडे बघितलं, गटाराकडे बघितलं, हातातला टेप तिला दिला आणि फावडं घेऊन खाली उतरली. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. हळूहळू काठावर कोण राहिलं आणि खाली कोण उतरलं हे कुठल्याही आंधळ्याला दिसलं असतं.

अंजलीला दिसलं. पण नियम स्वतःचाच होता, मूग गिळून गप्प बसली. आणि नुसती गप्प बसली असती तरी परवडलं असतं. ती काठावरून आरोहीला म्हणाली, "शाब्बास! किती समजूतदार आहेस गं."

त्याच दिवशी एक वार्ताहर आला होता. कसला आला होता, हिनंच बोलावला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाहणीआधी छापून आलं तर बरं, हा हिशोब. त्याला तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या मुलांना कुठल्याच कामाची लाज नाही." दुसऱ्या दिवशी फोटो आला रंगीत. आरोही गुडघाभर काळ्या गाळात, डोक्यावर घमेलं, दात दाखवून हसतेय. मागे काठावर पांढऱ्या सॉक्समधली स्नेहल टेप धरून, महेश फळा धरून. वर मथळा, चिमुकल्यांनी दिला गावाला स्वच्छतेचा धडा.

अंजलीनं तो फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. अंगठे, टाळ्या, फुलं यांचा पाऊस पडला. पेपर घेऊन ती हरखून आप्पांकडे गेली. शाळेचं काही छापून आलं की पहिलं त्यांना दाखवायचं, ही तिची रीतच होती.

आप्पांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला. मग बोट ठेवून विचारलं, "ही काठावरची पोरं कुणाची?"

"बागाईतदारांची."

"आन् ही खाली उतरल्याली?"

अंजली "वस्तीवरची" म्हणायला गेली आणि त्याऐवजी तिनं पेपर परत घ्यायला हात पुढे केला. आप्पांनी उत्तराची वाट बघितली नाही. पेपरची नीट घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "महापालिकेत निदान पगार तरी मिळतो, अंजू."

बस्स. आवाज चढवला नाही, काही नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. उठून आत गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. अंजलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती तशीच जांबुळटेकला परतली आणि थेट वस्तीवर गेली. सिंधूबाई दारातच होती. पेपर वस्तीवरही पोचला होता, आणि त्याआधी बागेत. मुकादम म्हणाला होता, पोरगी आत्तापासनंच तयार झाली की गं तुझी. सगळ्या बाया हसल्या होत्या. हसणाऱ्यांतल्या निम्म्या वस्तीच्याच होत्या, आणि तेच जास्त झोंबलं असावं.

"सिंधूताई, चूक झाली," अंजली म्हणाली. "पण मी तिला उतरवलं नाही हो. तिनं आपणहून टेप दिला."

"आपनहून?" सिंधूबाई हसली. तसलं हसू देव कुणाला न दाखवो. "ताई, आमी समदं आपनहूनच करतो. माझ्या सासूनं आपनहून केलं, तिच्या सासूनं आपनहून केलं. आमाला कुनी सांगावं लागत नाय, तीच तं गंमत हाये. मला वाटलं व्हतं तुमी त्येच मोडाया आल्या."

"मी पुन्हा असं होऊ देणार नाही."

"तुमी तिला शाबास म्हनल्या. पोरगी घरी येऊन सांगत व्हती, ताई शाबास म्हनल्या. लय खुश व्हती." सिंधूबाईनं आत वळून बघितलं. "दुसऱ्या कुनी म्हनलं आसतं तं मी भांडले आसते त्येच्याशी. तुमच्याशी काय भांडू? आपलेच दात, आपलेच ओठ."

आरोही आत चुलीपाशी बसली होती. ती बाहेर आली नाही. आपलं नेमकं काय चुकलं हे त्या लेकराला कळेना, आणि ते तिला सांगायचं तोंड दोघींपैकी एकीलाही नव्हतं.

आठवडाभरात आरोहीच्या गळ्यात टाय आला. दिंडोरीच्या रस्त्यावर एक इंग्रजी शाळा आहे, पिवळी बस येते फाट्यावर. तिथं धडे पाठ करायचे, फळ्यावरचं उतरवायचं, हात बाकावर ठेवून बसायचं. सिंधूबाईनं बागेतल्या पाळ्या वाढवून फी भरली. बाकीची वस्तीही एकेक करून त्याच वाटेनं गेली. अंजली दारोदार फिरली. पुढे लोक तिला बघून दार लावायला लागले, तेव्हा थांबली.

आता कुणाला वाटेल शाळा बुडाली असेल. बुडाली असती तर ही गोष्ट तरी नीट संपली असती! शाळा तरली. नुसती तरली नाही, नावारूपाला आली, आणि तीही त्या फोटोमुळं. नाशिकहून लोक गाड्या घेऊन बघायला यायला लागले. गंगापूर रोडवर लाखांनी मोजून मिळतं ते इथं फुकट, वर खरीखुरी माती आणि खरंखुरं गाव. द्राक्षबागांतल्या बंगल्यांत राहायला आलेली मंडळी होतीच. पट भरला. पाहणीला साहेब आले, शोषखड्ड्यापाशी उभे राहिले, "अप्रतिम" म्हणाले, करार वाढवून दिला. वस्तीचं एकही पोर दिसलं नाही, हे कुणीच विचारलं नाही. विचारण्याचा रकानाच नव्हता. अंजलीनंही सांगितलं नाही. शाळा गेली तर वस्तीची पोरं परत येतील त्या दिवशी काय दाखवू, असं ती मनाला बजावत राहिली. ती परत येणार नव्हती, हे तिलाही कळत होतं.

मग पालकांची सभा झाली. संडास पोरांनीच आळीपाळीनं धुवायचे, असा पहिल्यापासून शिरस्ता होता. एक आई उठली, फार गोड बोलली. "मॅडम, मुलांनी मातीत खेळावं, झाडं लावावीत, आम्हाला आवडतंच. पण टॉयलेट क्लीनिंग? त्यासाठी एखादी बाई ठेवू या ना. आम्ही सगळे मिळून देऊ." अंजली कडकडून भांडली. वस्तीच्या पोरांनी दोन वर्षं हेच संडास धुतले तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं, असं ओठांवर आलेलं तिनं गिळलं, कारण तेव्हा तिला स्वतःलाही काही वाटलं नव्हतं. शेवटी "ठेवा" म्हणाली.

बाई पाहिजे म्हणून गावात सांगावा गेला. सोमवारी शाळा सुटायच्या बेताला फाटकातून सिंधूबाई आत आली.

"नमस्कार मॅडम."

जयभीम नाही, ताई नाही. अंजली उठून उभी राहिली. "सिंधूताई, तुम्ही नको. दुसरं काहीतरी काम बघू आपण तुम्हाला."

"दुसरं कोनतं? शिकवायचं?" सिंधूबाईनं शांतपणे विचारलं. "बागंतलं काम छाटनीपुरतं. पोरीची फी बारा महिने. माझ्या हातानं झालं तं चालंल मला. तिच्या नको."

कोपऱ्यात नवीन झाडू आणि बादली आणून ठेवली होती, तिकडे बघायचं अंजलीनं टाळलं. सिंधूबाईनं ती आपणहून उचलली आणि कामाला लागली. पुढचा तासभर अंजली ऑफिसात बसून मागचा खराट्याचा आवाज ऐकत राहिली. तिला आप्पांचा घाट आठवला. त्यांनी जन्मभर झाडलं ते हिनं खुर्चीत बसावं म्हणून, आणि आता ती खुर्चीत बसली होती.

काम संपवून सिंधूबाई दारात आली. पदरानं तोंड पुसलं, जरा घुटमळली. "मॅडम, एक इचारू? हितं आंघुळीला जागा हाये का कुठं?"

"आंघोळीला?"

"पोरीला सांगितलंय, हापिसात लागले म्हनून. बस यायच्या आत वास जाया पायजे." तिनं हातातली पिशवी दाखवली. आत धुतलेली, इस्त्रीची साडी होती, साबणाची वडी होती, कंगवा होता. "तुमी बी सांगू नका तिला कदी. तेवढं करा."

अंजलीनं तिला मागची न्हाणी दाखवली. सिंधूबाईनं दार ओढून घेतलं. गिलाव्यावर आरोहीचा पंजा होता, तो तिला दिसला की नाही कोण जाणे, आतून फक्त तांब्याचा आवाज येत राहिला. पाणी नळीतून शोषखड्ड्याकडे गेलं आणि गुमान जिरलं. खड्डा अजून उत्तम चालतो.

सिंधूबाई बाहेर आली ती इस्त्रीच्या साडीत, केस चोपून, हापिसातून सुटल्यासारखी. मागच्या पायवाटेनं फाट्यावर गेली. अंजली फाटकात उभी होती, तिथून फाटा समोरच दिसायचा. पिवळी बस आली, आरोही उतरली, टाय सारखा करत आईला जाऊन बिलगली. आणि तेवढ्यात तिचं लक्ष इकडे गेलं.

"ताई!" तिनं हात उंच करून हाक मारली. "ताई, मी इथंय!"

हाक चांगली खणखणीत होती. सिंधूबाई लेकीमागे खांबासारखी ताठ उभी होती आणि अंजलीकडे बघत होती. आता पुढे गेलं की पोरगी बोलत सुटणार, आई इकडे कशी, तुम्ही भेटलात का, एकातून एक निघत जाणार.

अंजलीनं ओळख दाखवली नाही. मान खाली घातली, फाटक लोटलं आणि आत निघून गेली.